आबांच्या रायफलीतल्या मुंग्या

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, बंदुकांच्या दुकानात चाळीस वर्षं काढलीत, आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी थरारक लिहा." मी म्हटलं, बघते. दोन दिवस आठवत बसले, तर थरारक असं एकच आठवलं. एकदा दुकानाच्या माळ्यावरून घूस पडली होती, थेट एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या मांडीवर. त्या वेळी दुकानात सतरा बंदुका होत्या आणि घूस हाकलायला आम्ही केरसुणी वापरली. संपादकांना हे कळवलं तर म्हणाले, "घूस चालेल." पण एका घुशीवर किती पानं भरणार? म्हणून धायरीच्या आबांच्या रायफलीचं लिहिते.

त्याआधी दुकानाबद्दल थोडं. आमचं दुकान पुण्याच्या कँपात, एका बेकरीच्या मागच्या बोळात होतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना होता. त्यांना मुलगा नव्हता, मी होते, आणि माझ्या हातात लाटण्यापेक्षा कानस बरी चालायची. नाना गेल्यावर परवाना माझ्या नावावर करायचा तर कचेरीतल्या साहेबांनी अर्ज तीनदा परत पाठवला. 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात मी चुकून स्वतःचं नाव लिहिलंय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

गिऱ्हाइकांचंही तेच. आत यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि विचारायचे, "मिस्तरी कुठायत?"

"मीच."

"नाही, बंदुकीचे मिस्तरी."

"बंदुकीचीच. शिलाई मशीनवाले समोरच्या बोळात."

एक गृहस्थ तर मिस्तरींची वाट बघत अर्धा तास बाकावर बसले. तेवढ्यात मी त्यांच्या दुनळीचा घोडा खोलला, स्प्रिंग बदलली, परत बसवला. ते बघून मला म्हणाले, "मिस्तरी येईपर्यंत तुम्ही उगाच कशाला हात लावताय?"

दारावर नानांच्या हातची पाटी होती: 'भरलेली बंदूक आत आणू नये. भरलेली आहे की नाही हे ठाऊक नसल्यास बाहेर उभे राहून हाक मारावी.' खाली बारीक अक्षरात: 'हाक हळू मारावी.'

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात दरोडेखोर नाहीतर संस्थानिक येत असतील. छे हो! आमच्याकडे यायचे ते निवृत्त लोक आणि त्यांचा गंज. माळ्यावर वर्षभर पडून राहायचं आणि दसऱ्याला पूजेपुरतं खाली उतरायचं, हा निम्म्या बंदुकांचा दिनक्रम. दस्त्याला, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाला, वाळवी. घोड्यात कोळ्याची अंडी. एकीची नळी तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासलेली होती. घासणाऱ्या मोलकरणीचं काही चुकलं नव्हतं, तिला मोरीत ठेवलेली वस्तू घासायची एवढंच माहीत.

या धंद्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न एकच: जुन्या रायफलीची नळी बदलायची की नाही? सोप्पं करून सांगते. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून गोळी सरळ जाते. खाचा झिजल्या की गोळी लडबडते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक पडतं. मग नवी नळी बसवली की नेम परत येतो. पण लष्करानं निकालात काढलेली जुनी रायफल असली, तर तिचे शिक्के, खुणा, सगळं त्या नळीवर असतं. नळी गेली की रायफल चालते चांगली, पण ती तीच राहत नाही. मालकालाही ते आतून कळत असतं, तो बोलत नाही इतकंच. म्हणून नाना म्हणायचे, "आधी धुवायचं, मग रडायचं." कितीही भिकार दिसली तरी नळी आधी तेलात भिजवायची, साफ करायची, मग काय तो निकाल द्यायचा. आणि निकाल चिठ्ठीवर लिहून द्यायचा. चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही. तोंडी काय बोलावं याबद्दल नानांचा काही नियम नव्हता, हे पुढे मला फार उपयोगी पडलं.

नाना गेल्यानंतर पहिल्याच वर्षी मी हा नियम मोडला. एका वकिलांची जुनी लष्करी रायफल होती, नळीत नुसता काळा राप. मी न धुता निकाल दिला आणि नवी नळी बसवली. वकील खूश होऊन गेले. जुनी नळी नियमानं कापून टाकायच्या आधी सहज भिजवली, तर राप सुटून आत चांदीसारखी लख्ख. मी ती तशीच हातात धरून बसले. दुपारी जेवण गेलं नाही. वकिलांना कधी कळलं नाही, पण मला कळलं होतं ना! त्यानंतर मी एकही नळी घाईनं काढली नाही.

आता आबा. आबा म्हणजे धायरीचे एक निवृत्त हवालदार. लष्करात त्यांनी नवशिक्या पोरांना नेम धरायला शिकवलं. तशाच शिकवण्याच्या रायफली, बारक्या पॉइंट टूटू गोळीच्या, लष्करानं पुढे निकालात काढल्या, तेव्हा आबांनी रीतसर परवाना काढून एक घेतली. उंच माणूस, मिशा पिळलेल्या, बाकावर बसले तरी सावधान बसल्यासारखे. धायरी तेव्हा अजून गावच होतं. रायफल गोधडीत गुंडाळून, मांडीवर आडवी घेऊन, आबा बसनं यायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बाळाचं डोकं खिडकीबाहेर जातंय." आबांनी गोधडी आत घेतली आणि वर दोन थोपटलं.

त्या वर्षी गणपती विसर्जनानंतर आबा आले. गोधडी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, नळी गेली हिची. बदलून टाका."

"बघू तरी द्या, आबा."

"बघायचं काय त्यात? मी बघितलंय. आत नुसतं धुकं हाय."

नळीत गंज असतो, राप असतो, क्वचित गांधीलमाशीचं घर असतं. धुकं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"नळी बदलली तर घंगाळाची मॅच खेळता यायची नाही, माहितीय ना?"

"न्हाई तर न्हाई." आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले. "तुम्ही चिठ्ठी द्या, नळी गेली म्हणून. नळीच गेल्यावर हवालदार तरी काय करनार?"

हे घंगाळ काय ते सांगायला हवं. शहरातल्या एका रायफल क्लबात दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी जुन्या लष्करी रायफलींची एक स्पर्धा व्हायची. अट एकच, रायफलीची नळी मूळची पाहिजे, आणि तसं दुरुस्तीवाल्याच्या चिठ्ठीवर पाहिजे. बक्षीस म्हणजे एक भलंमोठं पितळी घंगाळ. कुणा सभासदाच्या घरात ते मावेना म्हणून त्यानं क्लबाला दान केलं होतं. जो जिंकेल त्यानं ते वर्षभर घरी न्यायचं. नऊ वर्षं ते आबांकडे होतं. त्यांच्या मंडळी हिराबाई पाहुण्यांना त्यातच अंघोळीचं पाणी द्यायच्या. पाहुणा पुसून बाहेर आला की त्याला घंगाळाचा इतिहास ऐकावा लागायचा, मगच चहा.

पण मागची दोन वर्षं घंगाळ लेल्यांकडे होतं. लेले म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणारे. तिथे घंगाळात अंघोळ करायची तर माणसानं जिन्यात उभं राहायला हवं. म्हणून लेल्यांनी ते दाराशी ठेवून त्यात छत्र्या ठेवल्या होत्या. ही बातमी धायरीला पोचली तेव्हा हिराबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

तर असा माणूस, नऊदा जिंकलेला, 'न्हाई तर न्हाई' म्हणतो? मला ते काही पटेना. मी म्हटलं, "आठ दिवसांनी या. आधी धुते."

नळी तेलात भरून ठेवली. सकाळी दुकान उघडलं तर टेबलावर मुंग्यांची रांग. रांग कुठून येतेय बघितलं, तर नळीच्या तोंडातून. मला वाटलं, बेकरीतून आल्या असतील. छे! मुक्कामालाच आत होत्या. गज घालून चिंधी ओढली तर तेल पिवळंधमक. हळद! दुसऱ्या चिंधीला कुंकू, तिसरीला तुळशीचं पान, चौथीला अक्षतांचे चार तांदूळ, आणि शेवटी अगदी तळातून, तुमचा विश्वास बसणार नाही, एक अख्खा बेदाणा. दुकानात देवळाच्या गाभाऱ्यासारखा आंबूस-गोड वास सुटला. बेकरीवाल्यानं येऊन विचारलं, "आज कसली पूजा आहे?"

तिसऱ्या दिवशी हिराबाई स्वतः आल्या. डोक्यावर पदर, काखेत वांग्यांची पिशवी. माझ्यासमोर बसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या.

"ताई, माझ्याच हातनं झालं वं सगळं."

हळूहळू उलगडलं. दसऱ्याला शस्त्रपूजा. बाकीचे लोक बंदुकीला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात, झालं. हिराबाईंच्या माहेरी देवाला पंचामृताचा अभिषेक करायची पद्धत, म्हणून त्या रायफलीलाही अभिषेक करायच्या. दूध, दही, तूप, मध, साखर. आणि वरून नुसतं शिंपडून काय होतंय, देवाच्या मुखात गेलं पाहिजे, म्हणून चमच्यानं नळीत. नऊ वर्षं आबा जिंकले, ते या चमच्यामुळे, अशी त्यांची पक्की खात्री.

"मग दोन वर्सामागं हरले. मला वाटलं, आपलंच कायतरी कमी पडलं. म्हणून दर संकष्टीला बी घालाया लागले. तरी बी हरले. मग सोमवारी बी."

"आणि बेदाणा?"

"त्यो एकादशीचा."

मी संतापले. "अहो हिराबाई, अशा तुंबलेल्या नळीत गोळी घातली तर नळी फुटते! आबांच्या तोंडाशी फुटली असती म्हणजे?"

त्यांनी गालावर चटाचटा मारून घेतलं. मग पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "ऐका ताई. तुम्ही ह्यांना सांगा, नळी सडली ती माझ्या पंचामृतानं. समदं माझ्यावर घाला. काय बोलतील ती बोलतील. पर त्यांच्या डोळ्याचं काढू नका."

"डोळ्याचं?"

"उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई त्यांना. परवा बुजगावण्याला पोस्टमन समजून पेन्शनीचं पत्र का आणलं न्हाई म्हणून भांडत हुते. मी ऐकलं, पर बोलले न्हाई. नेम शिकवणारा माणूस, ताई. डोळा गेला असं कुणी तोंडावर म्हटलं तर खाटंला खिळंल."

तेव्हा मला धुक्याचा अर्थ लागला. धुकं नळीत नव्हतं.

हिराबाई गेल्या. चौथ्या दिवशी लेले हजर. हात मागे बांधून टेबलाभोवती एक फेरी मारली.

"आबांची रायफल आपल्याकडे आहे असं कळलं."

"हो."

"नळी बदलणार आहात?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"नियमात बसणार नाही म्हणून विचारतो." मग जरा घुटमळले. "बाई, शक्य असेल तर ती नळी वाचवा. बाकीचे जे येतात त्यांना रायफलीचं तोंड कुठलं हेही धड माहीत नसतं. त्यांना हरवण्यात काय अर्थ आहे? आणि छत्र्या कशातही राहतात."

लेल्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे आमच्या पुण्यात जाहीर सत्कारच. मी त्यांना चहा दिला.

नळी आता स्वच्छ झाली होती. मागच्या बाजूला साखरेनं थोडे बारीक खड्डे पाडले होते, पण पुढे खाचा शाबूत. तरी डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, कागदावर बघायचं. क्लबाच्या मैदानावर गेले, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका आठाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ, आणि सगळी गोल. लेले मागे उभेच होते. त्यांनी खिशातून आठाण्याचं नाणं काढून खरंच ठेवून बघितलं आणि काळजीनं परत खिशात टाकलं.

म्हणजे बघा पेच. नळी ठणठणीत. आबांना ती गेलेली हवी होती. हिराबाईंना ती स्वतःच्या पापानं गेलेली हवी होती. आणि मला चिठ्ठीवर खोटं लिहिता येत नव्हतं. खरं लिहावं, तर तो कागद वाचून म्हातारा खचणार. मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. वकिलांची नळी सारखी आठवत होती.

आठव्या दिवशी आबा आले. "दिली का चिठ्ठी?"

"देते. आधी एकदा तुम्ही बघा."

रायफल खोललेली होती. मी ती त्यांच्या हातात दिली, दुकानाच्या दारात नेलं आणि म्हटलं, "आभाळाकडे धरा आणि मागून बघा."

आबांनी सवयीनं उजवा डोळा लावला. "धुकं. सांगितलं न्हवं?"

"आता डावा लावा."

"नेम उजव्यानं धरत्यात, ताई."

"नेम नाही धरायचा. नुसतं बघायचं. माझ्यासाठी."

त्यांनी डावा डोळा लावला. बोळातून एक सायकलवाला गेला, पाववाला गेला, आबा हलेनात. मग हळूच म्हणाले, "नवी बसवली व्हय तुम्ही? सांगितलं बी न्हाई?"

"नाही आबा. तीच आहे. तुमचीच."

त्यांनी परत उजवा लावला. परत डावा. उजवा. डावा. पाच-सहा वेळा. मग रायफल अलगद माझ्या हातात दिली आणि बाकावर बसले. सावधान नाही, नुसतेच बसले. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

"म्हंजे बदलायला पायजे ती नळी न्हवं," ते म्हणाले. "मला ठावं हुतं, ताई. दोन वर्सं ठावं हाय. पर नळी गेली म्हणून घरी बसलेला हवालदार येगळा, आन डोळा गेला म्हणून बसलेला येगळा."

"गेला कुठे? मोतीबिंदू असेल. काढतात हल्ली. तोही आधी धुऊ, आबा, मग रडू."

आबांनी मान वर केली. मिशा हलल्या. हसले की काय ते कळलं नाही, पण पाठ सरळ झाली. जाताना दारात थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "नळीत काय काय गावलं?"

"बेदाण्यापर्यंत सगळं."

"तिला काय बोलू नका. मी पयल्यापासनं बघतोय. दसरा झाला की गोठ्यात नेऊन गुपचूप साफ करायचो. ह्या दोन वर्सात साफ झालं का न्हाई तेच दिसंना. तिला वाटतं मी तिच्या पंचामृतावर जिंकतो. वाटू द्या. पर ताई, दसरा आलाय. ती परत वतनार."

हा मात्र खरा तांत्रिक प्रश्न होता. बाईंचा चमचा थांबवायचा तर त्यांची श्रद्धा मोडणार, न थांबवावा तर नळी. मी विचार केला आणि दुकानाच्या मोरीतून नळाच्या कामाचा उरलेला अर्ध्या इंची पाइप काढला. रायफलीच्या नळीएवढा कापला, घासला, आमचा काळा मुलामा दिला. एका टोकाला बंद पडलेल्या स्टोव्हचं पितळी टोपण ठोकून बसवलं, म्हणजे पंचामृत गळायला नको. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत देखणं काम होतं आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

तोवर आबांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, बरोबर हिराबाई, असे दोघं आले. मी पाइप लाल फडक्यात गुंडाळून समोर ठेवला आणि नानांची मनात क्षमा मागितली.

"हिराबाई, नळीला काही झालेलं नाही. पण लष्करात दर रायफलीला दोन नळ्या असतात. एक कामाची आणि एक पूजेची. अभिषेक करायचा तो पूजेच्या नळीला. तुमची पूजेची नळी कुठेतरी गहाळ झाली होती, ती मी मिळवली."

हिराबाईंनी आबांकडे पाहिलं. "व्हय वं?"

"व्हय तर!" आबा म्हणाले. तेवढ्यावर थांबावं की नाही! पण हवालदार पेटले. "आमच्या पलटणीत पूजेच्या नळ्यांची येगळी खोली हुती. त्येच्यावर एक सुभेदार नेमल्याला. सकाळ-संध्याकाळ आरती."

मी टेबलाखालून त्यांना पायानं ढोसलं. हिराबाईंनी फडकं सोडलं, पाइप हातात फिरवला, नखानं टकटक वाजवून बघितला आणि म्हणाल्या, "बरं." परत गुंडाळून पिशवीत ठेवला. मला हायसं वाटलं. चिठ्ठी मात्र मी खरी लिहिली: 'नळी मूळची. साफ केली. बदलण्याची गरज नाही.'

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी मुद्दाम दुकान बंद ठेवून मैदानावर गेले. आबांच्या डोळ्यावर नवा चष्मा. पहिल्या गोळीच्या आधी त्यांनी मान वळवून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, मग लेल्यांना म्हणाले, "लेले, तुमी लई म्हातारे दिसाय लागला की वं!" लेले म्हणाले, "आपल्याला दिसायला लागलं, हे महत्त्वाचं." शेवटच्या गोळीपर्यंत दोघं बरोबरीत होते. शेवटची लेल्यांची रेघेबाहेर गेली, आबांची रेघेवर बसली. एका गुणानं जिंकले. हिराबाईंनी तिथंच हात जोडले, ते पूजेच्या नळीला, असं मी समजले.

दुसऱ्याच दिवशी लेल्यांनी घंगाळ टांग्यातून धायरीला पोचतं केलं. सोबत कागद: 'घंगाळ परत पाठवले आहे. आत एक छत्री चुकून राहिली आहे, ती बक्षिसाचा भाग नाही.'

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आता ना लेले, ना आबा. रायफल आबांच्या मुलानं रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली. मीही दुकान बंद केलं आणि वारज्याला राहायला आले. गेल्या दसऱ्याला मनात आलं म्हणून रिक्षानं धायरीला गेले. आबांचं शेत कुठलं ते ओळखू येईना, सगळीकडे इमारती. हिराबाई मुलाकडे चौथ्या मजल्यावर असतात. नव्वदीला टेकल्यात, पण आवाज खणखणीत. घंगाळाची स्पर्धा कधीच बंद पडली, ते त्यांच्या गॅलरीत आहे. आणि देवासमोर पाटावर, झेंडूच्या हारात, माझा पाइप. मुलामा अजून टिकलाय, हे बघून जरा अभिमानच वाटला. पाटाखालून मुंग्यांची रांग चालली होती.

"बघा की," हिराबाई म्हणाल्या. "काय म्हणती नळी?"

मी पाइप उचलला आणि सवयीनं खिडकीकडे धरून डोळा लावला. काहीच दिसेना. माझाही उजवा डोळा हल्ली दगा देतो. डॉक्टरांनी तारीख दिलीय ती मी तीन महिने पुढे ढकलतेय. पण नव्वदीच्या बाईला दसऱ्याच्या दिवशी हे काय सांगायचं? मी म्हटलं, "उत्तम आहे. बदलायची गरज नाही."

"असनारच. अर्ध्या इंची पाइप त्यो, त्येला काय धाड भरलीय?"

मी पाइप खाली घेतला. हिराबाई दात नसलेल्या तोंडानं हसत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या हिरीवरच्या मोटारीला असलाच हुता. हातात घेतला तवाच वळखला."

"मग बोलला का नाहीत?"

"ह्ये कंदी खोटं बोलायचे न्हाईत, ताई. त्या दिवशी माझ्यासाठी बोलले. सुभेदार काय, आरती काय, किती जीव लावून बोलत हुते! मी म्हणलं, बोलू द्यावं. मरस्तवर दर दसऱ्याला मला त्या सुभेदाराचं काय काय सांगायचे. शेवटी शेवटी तर त्येचं लगीन बी लावलं हुतं." त्यांनी डोळे पुसले. मग माझ्या हातातला पाइप काढून घेतला, उलटा केला आणि दुसऱ्या टोकाचं पितळी टोपण माझ्या नाकासमोर धरलं. "आन ह्ये टोपण तुमीच ठोकलंय न्हवं? पल्याड भिंत हाय, दिसनार काय डोंबल? उत्तम हाय म्हणं! डोळा दावून या आधी."

त्यांनी माझ्या तळहातावर चमचाभर पंचामृत घातलं आणि उरलेलं, नेहमीप्रमाणे, पाइपात ओतलं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून तारीख पक्की केली.